दिवा उतरणीवर पेटतो: एका ड्रॅग गाडीच्या ऑइल प्रेशरचं प्रकरण

एका हंगामात एकाच इंजिनाची बिग एंड बेअरिंगं, म्हणजे पिस्टनचा दांडा (कॉनरॉड) फिरत्या क्रँकला जिथे धरतो तिथली, दोनदा गेली. दोन्ही वेळा पंप ठीक होता, ऑइल ठीक होतं, पातळीही ठीक होती. माणसांची नावं आणि गाडीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, बाकी घडलं तसं लिहितो. या प्रकरणात पहिला चुकीचा सल्ला माझा होता, तोही गाळलेला नाही.

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे वीसेक वर्षं जुनी सेडान. चार सिलिंडर, १३०० सीसी, इंजिन आडवं बसवलेलं, ओढ पुढच्या चाकांना. मालक डिचोली तालुक्यातला, वय तिशीच्या आत-बाहेर. गॅरेज म्हापशाच्या बाहेरच्या अंगाला, मिस्त्री मालकाचा शाळेतला मित्र. मी पेशाने शिक्षक, संध्याकाळी तिथं हात काळे करायला जातो. चौथा माणूस साखळीकडचा एक टर्नर. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना काका म्हणतात. खाणी चालू होत्या तेव्हा टिपरची आणि मांडवीवरच्या बार्जची इंजिनं त्यांच्या लेथवरून जायची. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा. तेव्हापासून जे मिळेल ते काम.

इंजिनावर काम झालेलं होतं: हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, कॅम बदललेला, एक्झॉस्ट नवा, ईसीयू नव्याने ट्यून केलेला. ताकद शंभर अश्वशक्तीच्या थोडी वर. ड्रॅग शर्यतीचं सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सोळा सेकंदांच्या आसपास आणि शेवटच्या रेषेवर वेग ताशी १३५ किलोमीटर. जग जिंकायचे आकडे नाहीत हे, पण त्या वर्गात पहिल्या पाचात यायला पुरेसे. शर्यतीसाठी घाट चढून जावं लागतं. गाडी ट्रकवर घालायची आणि धावपट्टी भाड्याने घेऊन भरवलेल्या स्पर्धेला न्यायची, असा क्रम. रस्त्यावर रेस लावायची नाही, हा मालकाच्या घरचा नियम. तो मोडला तर गाडी विकू, असं त्याच्या आईने सांगून ठेवलं होतं.

काय बिघडलं

डिसेंबरच्या स्पर्धेत पाचवी धाव संपवून गाडी पिटमध्ये परत येत होती, तेव्हा खालून टकटक ऐकू आली. टॅपेटचा आवाज वेगळा, वरून येतो, चुरचुरीत असतो. हा जड होता आणि अॅक्सिलरेटर सोडला की जास्त यायचा. मिस्त्रीने लगेच चावी फिरवून इंजिन बंद केलं. तेवढ्यामुळे क्रँक वाचला.

गॅरेजला आणून चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवला. तळाच्या ऑइलमध्ये चंदेरी भुकटी होती, बॅटरीच्या उजेडात शाळेतल्या चमकीसारखी दिसणारी. तिसऱ्या आणि चौथ्या कॉनरॉडची बेअरिंगं पुसून गेलेली, तांब्याचा थर उघडा पडलेला. एक गोष्ट मिस्त्रीने बोट ठेवून दाखवली आणि आम्ही सगळ्यांनी ती पाहून सोडून दिली: बेअरिंगच्या दोन अर्ध्या शेलपैकी झीज खालच्या, म्हणजे कॉनरॉडला खालून बोल्टने धरणाऱ्या कॅपच्या बाजूच्या शेलवर जास्त होती. एरवी जळणाचा दणका वरून येतो आणि वरचा शेल आधी मार खातो.

खालचा शेल केव्हा मार खातो? पिस्टन वर जाऊन थांबतो, क्रँक त्याला खाली खेचतो आणि वर जाऊ पाहणाऱ्या पिस्टनचं सगळं ओझं कॅपवर येतं. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) जास्त असेल आणि थ्रॉटल बंद असेल, तर वरून रेटायला जळणाचा दाबही नसतो. तो शेल काय घडलं ते सांगत होता. आम्ही ऐकलं नाही.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

आमच्यापुढे दोन शक्यता होत्या. एक, पंप पुरेसं प्रेशर देत नाही. दोन, पंप ठीक आहे, पण त्याच्या तोंडाशी ऑइलच नसतं. पंप चेंबरमधून जाळीतून ऑइल ओढतो. जाळी क्षणभर जरी उघडी पडली तरी हवा ओढली जाते, आणि हवेने बेअरिंगमध्ये थर तयार होत नाही.

दुसरी शक्यता मीच खोडली. ड्रॅगसाठी इंजिन बांधणाऱ्यांचा सल्ला असा की, गाडी सुटताना ऑइल मागे पळतं, म्हणून जाळी चेंबरच्या मागच्या अंगाला हवी. आमच्या इंजिनात ती मुळातच मागे, फायरवॉलच्या बाजूला आहे. तेव्हा मी म्हटलं, इथं आपण सुरक्षित आहोत. सल्ला बरोबर होता, मी तो अर्धाच वाचला होता.

मग उरलं प्रेशर. गॅरेजातला अंदाज असा की, दर हजार आरपीएमला (चौरस इंचामागे) दहा पाँड असले की इंजिन समाधानी. सात हजाराला सत्तर पाँड हवेत, आमचे साठ-बासष्टपर्यंत थांबत होते. त्यामुळे क्रँक पाव मिलिमीटर घासून अंडरसाइज बेअरिंगं घातली, क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंग आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) यांतली फट, जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास म्हणजे ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर ठेवला, १०डब्ल्यू-४०च्या जागी त्याहून जाड २०डब्ल्यू-५० ऑइल भरलं आणि जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगखाली एक शिम (पातळ चकती) टाकली. प्रेशर स्विचच्या जागी टी लावून एक मेकॅनिकल गेजही डॅशवर बसवला. काटा पंच्याहत्तरला गेला. आम्ही खूश.

रिलीफ व्हॉल्व फक्त वरची मर्यादा ठरवतो. जाळीला ऑइल मिळत नसेल तर स्प्रिंग कितीही कडक करा, व्हॉल्व बंदच राहणार. जाड ऑइलने बहुधा आणखी थोडं बिघडवलं, कारण ते हेडमधून खाली उतरायला वेळ घेतं. जास्त आरपीएमला लिटरभर ऑइल तसंही वर हेडमध्ये आणि क्रँकभोवती फिरत असतं. त्यातलं जेवढं उशिरा उतरेल तेवढं जाळीपाशी कमी.

जानेवारीच्या स्पर्धेत चौथ्या धावेनंतर तीच टकटक, पिटच्या त्याच वाटेवर.

व्हिडिओ

पहिल्या वेळी आमच्याकडे गेज नव्हता. दुसऱ्या वेळी गेज होता आणि त्याचा व्हिडिओही. मालकाच्या चुलतभावाने मागच्या सीटच्या पट्ट्याला फोन बांधून डॅश टिपला होता. ती क्लिप आम्ही निदान वीस वेळा पाहिली. गाडी सुटताना काटा जरा थरथरतो, मग प्रत्येक गियरला वर चढतो, रेषेपर्यंत सत्तरच्या वर. कुठेही खोट नाही. क्लिप सतरा सेकंदांची होती.

त्याच आठवड्यात घासायला क्रँक घेऊन आम्ही काकांकडे गेलो. त्यांनी जर्नल उजेडाकडे धरून फिरवलं आणि विचारलं, "गाडी थांबवताना काय करतो रे तू?"

मालक म्हणाला, "काय करणार काका, ब्रेक मारतो."

"क्लच?"

"नाही. तिसऱ्यातच असते. इंजिनाचा ब्रेक मिळतो ना."

काकांनी क्रँक खाली ठेवला. "सर, खाणीतून भरून खाली येणाऱ्या टिपरचा ऑइलचा दिवा उतरणीवर पेटायचा. चढणीवर नाही. ड्रायव्हर म्हणायचे वायर ढिली आहे. ऑइल थोडं कमी असलं, उतरण असली आणि वर ब्रेक दाबला, की सगळं पुढे धावतं. तुमच्या गाडीला उतरण कुठे येते ते बघा."

उतरण रेषेनंतर येत होती.

चुलतभावाला फोन लावला. सतरा सेकंदांची क्लिप त्याने स्टेटससाठी कापलेली होती, मूळ व्हिडिओ त्याच्या फोनमध्येच होता. तो गॅरेजातल्या टेबलावर एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. रेषा गेली, थ्रॉटल सुटला, टॅकोमीटर साडेसहा हजारांवर. ब्रेक लागला. पाऊण सेकंदाने काटा सत्तरवरून पंधरावर आला, मग शून्याच्या जवळ. तिथे तो जवळजवळ दोन सेकंद होता आणि तेव्हा सुरुवातीला तरी आरपीएम चार हजारांच्या वर होते. कंपनीचा लाल दिवाही दोनदा लुकलुकला. हा दिवा जेमतेम पाच-सात पाँडांच्या खाली गेल्यावरच पेटतो, म्हणजे तो लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तसाही त्या क्षणी चालक समोर पाहत असतो, डॅशकडे नाही. शर्यत जिंकली का, हे पाहायला आम्ही बाकीचे वेळेच्या फलकाकडे.

फळीवरची चाचणी

अंदाजावर दुसऱ्यांदा पैसे घालायचे नाहीत, असं या वेळी ठरवलं. व्हिडिओतल्या स्पीडोमीटरवरून दोन आकडे काढले. सुटताना शून्य ते साठ किलोमीटर सुमारे ३.७ सेकंदांत, म्हणजे साधारण ०.४५ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण). थांबताना १३५ वरून साठवर पावणेतीन सेकंदांत, म्हणजे ०.७५ जीच्या वर. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत हे होणारच. सुटताना वजन मागे जातं, पुढची दोन चाकं हलकी होऊन घसरतात आणि ओढीला मर्यादा येते. थांबताना चारही चाकं कामाला लागतात. आमची गाडी पळण्यापेक्षा थांबण्यात जास्त जोरकस होती.

ऑइलचा पृष्ठभाग किती कलतो हे या आकड्यावरून सरळ निघतं. ०.४५ जीला साधारण २४ अंश, ०.७५ जीला ३७.

मग चेंबर टेबलावर घेतला, जाळी तिच्या जागी बांधली आणि त्यात दोनच लिटर ऑइल ओतलं, कारण बाकीचं त्या वेळी वर असतं असं धरलं. खाली लाकडी फळी, फळीखाली विटा, कडेला फोनमधला कोन दाखवणारा अॅप. आधी फळी फायरवॉलच्या बाजूला २४ अंश कलवली. जाळी बुडालेलीच, उलट नेहमीपेक्षा खोल. मग दुसऱ्या बाजूला कलवत गेलो. दहा अंश, वीस. पंचविसाला जाळीची एक कड उघडी पडली. तिशीत अर्धी जाळी कोरडी, तिच्या तारांवर ऑइलचे थेंब लटकलेले. ३७ अंशांना सगळं ऑइल बंपरच्या बाजूच्या कोपऱ्यात गोळा झालं आणि जाळी हवेत. मिस्त्री हात पुसत एवढंच म्हणाला, "दोनदा क्रँक घासला आपण."

एका संध्याकाळची, फुकटची चाचणी. डिसेंबरातच करता आली असती.

पुढे काय काय करता आलं असतं

मोठा पंप: लगेच बाद. जाळी उघडी असताना मोठा पंप जास्त हवा ओढेल, आणि एरवी चेंबर आणखी लवकर रिकामा करील.

लिटरभर ऑइल जास्त भरणं: बरेच जण हे करतात आणि काही अंशी उपयोगही होतो. पण पातळी वर गेली की क्रँक ऑइल घुसळायला लागतो, फेस होतो आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. ब्रीदरमधून ऑइल बाहेर आलं तर ते एक्झॉस्टवर किंवा पट्टीवर. पट्टीवर ऑइल सांडणाऱ्याला आयोजक परत उभं करत नाहीत, आणि करूही नये. आम्ही अर्धा लिटर जास्त एवढ्यावर तडजोड केली.

अॅक्युम्युलेटर: दाबाखाली लिटर-दोन लिटर ऑइल साठवणारी नळी. प्रेशर पडलं की ती आपोआप इंजिनाला ऑइल देते. आमच्या दोन सेकंदांसाठी अगदी नेमकं औषध. यावर वाद झाला. मालक घ्यायला तयार होता. मिस्त्रीचं म्हणणं, ती बाहेरून मागवावी लागेल, फेब्रुवारीपर्यंत येणार नाही, आणि आधी मूळ दुखणं बरं करू. मला वाटतं त्याचं बरोबर होतं. अॅक्युम्युलेटर असता तर आम्ही चेंबर तसाच ठेवला असता.

ड्राय संप: वेगळी टाकी, दोन-तीन टप्प्यांचा बाहेरचा पंप. प्रश्नच मिटतो. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, चर्चा चहा संपायच्या आत संपली.

चेंबरमध्ये झडपांची पेटी: जाळीभोवती पत्र्याची चौकट, तिला आत उघडणाऱ्या पण बाहेर न उघडणाऱ्या झडपा. ऑइल आत येतं, परत जाऊ शकत नाही. हेच घेतलं.

आणि चालवण्याची सवय, तिला पैसे लागत नाहीत. रेषा गेली की क्लच दाबायचा, आरपीएम खाली येऊ द्यायचे, मग हलक्या पायाने ब्रेक. ०.३ जीने थांबलं तर १३५ वरून साधारण २४० मीटर लागतात. धावपट्टीवर रेषेनंतर त्याच्या दुपटीहून जास्त जागा मोकळी होती, आम्ही उगाच ब्रेकवर उभे राहत होतो. अमेरिकेतल्या टॉप फ्युएलच्या, म्हणजे ड्रॅगच्या सगळ्यात वेगवान वर्गातल्या, गाड्या तर रेषेनंतर इंधनच तोडतात आणि पॅराशूटवर थांबतात.

काम

पेटी काकांनी बनवली. १.६ मिलिमीटरचा पत्रा, चार बाजू, वर झाकण, झाकणाला ऑइल खाली उतरायला भोकं. दोन झडपा, एक बंपरच्या अंगाला आणि एक गिअरबॉक्सच्या. मालकाने कपाटाच्या बिजागऱ्या आणल्या होत्या. काकांनी त्या हातात घेऊन परत दिल्या, कारण पिन गळून पंपात गेली तर पेटी नसलेली बरी. झडपांची बिजागरी त्यांनी सळीवर स्वतः वळवली, टोकं वेल्ड केली. रिव्हेट एकही नाही, आतून रंगही नाही, कारण सुटलेला रंग जाळीत अडकतो.

दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. जाळी आणि तळ यांत सहा ते दहा मिलिमीटरची फट लागते. ती मोजायला जाळीवर कणकेचा गोळा ठेवून चेंबर बसवला, उतरवला आणि चपटा झालेला गोळा मोजला. पहिल्यांदा चारच निघाली, जाळीची नळी थोडी वाकवावी लागली. दुसरं म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेने चेंबरची कड वाकली होती. ती सपाट लोखंडावर ठोकून सरळ केली, चेंबरमध्ये रॉकेल भरून रात्रभर कागदावर ठेवला. सकाळी कागदावर एका कोपऱ्यात डाग. पुन्हा वेल्ड, पुन्हा रॉकेल.

शिम काढून टाकली, ऑइल परत १०डब्ल्यू-४०. मग तीच फळी, त्याच विटा, तेच दोन लिटर. मात्र फळी स्थिर धरून झडपांचा खरा कस लागत नाही, म्हणून आधी सपाट ठेवून भरू दिलं आणि झटक्यात ३७ अंशांवर नेलं. झडप 'टक' करून मिटली. पेटीतली पातळी हळूहळू उतरत गेली, कारण पत्र्याची कड कधीच पूर्ण बंद होत नाही. जाळीची कड दिसायला सात सेकंद लागले. पंप चालू असताना तेवढे मिळणार नाहीत हे उघड होतं, पण गरज तिनाची होती.

निकाल

फेब्रुवारीत सहा धावा झाल्या. पहिल्या दोन मुद्दाम जुन्या पद्धतीने थांबवल्या: गियरमध्ये, कडक ब्रेक. पेटीची परीक्षा सवयीच्या आडोशाने घ्यायची नव्हती. काटा रेषेनंतर सत्तरवरून अडतीसपर्यंत उतरला आणि तिथून परत वर आला. पुढच्या चार धावा क्लच दाबून, सावकाश. त्यात काटा आरपीएमबरोबर उतरला, स्वतंत्रपणे एकदाही नाही. वेळेत फरक शून्य, कारण घड्याळ रेषेवरच थांबतं.

परत आल्यावर तिसरा आणि चौथा कॅप उघडून पाहिला. मिस्त्रीला हे आवडलं नाही, चालू इंजिन उघडू नये असं त्याचं मत. दोन्ही शेल एकसारखे राखाडी होते, वर आणि खाली.

वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबरात खालचा शेल वरच्यापेक्षा जास्त का झिजला, हा प्रश्न आम्ही पूर्ण करायला हवा होता. मी तो विचारला असता तर 'थ्रॉटल बंद, आरपीएम जास्त' इथपर्यंत वहीवरच पोचलो असतो.

गेज बसवणं बरोबर होतं, पण एका नजरेच्या आवाक्यात सगळं घडत नाही. आता फोन गाडी रांगेत लागल्यापासून पिटमध्ये चावी फिरेपर्यंत चालू असतो. शिवाय पंचवीस पाँडांना पेटणारा वेगळा स्विच आणि स्टिअरिंगसमोर मोठा दिवा लावला आहे, कंपनीच्या दिव्यावर विसंबायचं सोडलं.

पहिल्या दुरुस्तीत आम्ही एका दमात चार गोष्टी बदलल्या: बेअरिंग, क्लिअरन्स, ऑइल, शिम. त्यामुळे काटा वर गेला तो कशाने, हेही कळलं नाही. दुसऱ्या वेळी शिम काढल्यावर प्रेशर परत बासष्टवर आलं, आणि बासष्टवरच इंजिन टिकलं आहे.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. मालकाने पुढच्या हंगामासाठी मऊ रबराचे टायर घेतले आहेत. त्यांनी गाडी जास्त जोराने सुटेल आणि जास्त जोराने थांबेलही, तेव्हा ३७ अंशांचा हिशेब जुना झाला. काकांनी फळी लेथच्या मागे उभी करून ठेवली आहे. पाऊस सरला, चवथ झाली, की चेंबर पुन्हा तिच्यावर.